फणसावर शिटी कोण वाजवतो?



मालवण-देवगडकडच्या गावी रात्री दिवा मालवला, की मागच्या झाडीतून नाना आवाज येऊ लागतात. एखादा आवाज थेट शिटीसारखा. बॅटरी मारून पाहावे तर झाडावर कोणी नाही! मग मुलांना सांगितले जाते, "तिकडे जाऊ नका, तिथे काहीतरी आहे." भुताची भीती अशीच घरात शिरते. म्हणून आज आम्ही या गाणाऱ्यांची ओळख करून देत आहोत.

हे बहुधा रातकिडे किंवा लांब मिशांचे नाकतोडे असतात. या नाकतोड्याच्या मिशा अंगापेक्षाही लांब. पंख हुबेहूब पानासारखे, म्हणून तो समोर असूनही दिसत नाही. गातो तो नर, तोंडाने नव्हे, पंखावर पंख घासून. कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली! मादीच्या शेपटाकडे तलवारीसारखे टोक असते. ती नांगी नव्हे, अंडी घालायचा अवयव आहे. तेव्हा घाबरून तिला चपलेने मारू नका.

सह्याद्रीत फणसाच्या झाडावर ओनोमार्कस नावाचा नाकतोडा राहतो. त्याचा सूर सेकंदाला सुमारे ३,२०० कंपनांचा, म्हणजे नाकतोड्यांत बराच खालचा. नराने साद घातली की मादी आवाज न करता अंग थरथरवते. ती थरथर फांदीतून नराच्या पायांना कळते आणि तो चालत तिच्याकडे जातो.

गाणाऱ्याला वटवाघूळ आधी पकडत असेल, असे आपल्याला वाटते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी हे तपासून पाहिले. मोठ्या कानांचे एक वटवाघूळ नाकतोडा खाऊन पंख खाली टाकते. ते पंख मोजले, तर माद्यांचे जास्त निघाले! गाणारा नर एका जागी बसतो. न गाणारी मादी उडत हिंडते आणि सापडते. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. गप्प राहणारा सुरक्षित, हा आपला समज इथे तरी खोटा ठरला.

समज कितीही जुना असो, तो तपासून घ्यावा. पुढच्या वेळी गावी शिटी ऐकू आली, तर मुलांना आत ओढू नका. बॅटरी घ्या, पायाखाली बघत त्यांच्याबरोबर झाडाशी जा आणि आवाज कुठून येतो ते शोधा. गाणारा दिसला नाही तरी चालेल, मुलांच्या मनातली भीती जाईल.