चूक सांगणारीही हवीच!

बाईनं चूक दाखवली की 'नावं ठेवते' म्हणतात. डेबियन या १९९३ पासूनच्या मोफत लिनक्स संगणक-प्रणालीत मात्र तीच सेवा ठरते. पडद्यावर चित्र उमटवणारा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर सहसा आधी 'सिड' या अस्थिर शाखेत येतो. 'टॉय स्टोरी'तल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचंच हे नाव! स्वयंसेवक तो स्वतःच्या संगणकावर लावून बघतात. पडदा काळा पडला, तर कार्ड कोणतं, आवृत्ती कोणती, काय केल्यावर बिघडलं, हे सगळं कळवतात. गंभीर दोष निघाला की पॅकेज पुढे सरकत नाही.

बचत गटात मी हेच सांगते: 'आमटी बिघडली' नको, 'मीठ जास्त झालंय' म्हणा. नळाच्या पाण्याची तक्रारही तारीख-वेळ घालून करा. ही कुरकुर नव्हे, कामच आहे.