डाव्या पायाला कामाला लावा

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, जिल्ह्यात जिथे कुठे मुलं इनलाइन स्केट्स बांधून उभी राहतात, तिथल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती आहे. वेगाच्या मागे लागण्याआधी वळण शिका. सरळ पट्ट्यावर सुसाट जाणारं मूल पाहिलं की कौतुक वाटतं, वाटायलाच हवं. पण वळण आलं की तेच मूल दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून नुसतं वाहत जातं आणि कमावलेला वेग घालवतं. वेग सोडायचा नाही असं ठरवलं, तर बाहेर फेकलं जातं. या दोन्ही गोष्टी टाळता येतात, आणि त्यासाठी महागडी चाकं लागत नाहीत.

हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या पुरुष संघानं रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. चौघांपैकी विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे हे दोघं आपल्या महाराष्ट्राचे. त्यांच्यासोबत आर्यनपाल सिंग घुमान आणि आनंदकुमार वेलकुमार होते. त्याच दिवशी आपल्या मुलींच्या संघानंही कांस्य जिंकलं. स्पर्धेचा ट्रॅक २०० मीटरचा धरला, तर ३००० मीटर म्हणजे १५ फेऱ्या आणि ३० वळणं. पुरुषांच्या त्या शर्यतीत पहिल्या दोन संघांमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाचं अंतर राहिलं. कोरियाच्या खेळाडूनं रेषेआधीच हात उंचावले आणि तैवानच्या खेळाडूनं पाय पुढे सरकवून सुवर्ण नेलं. इतक्या थोड्या फरकावर निकाल लागत असेल, तर तीस वळणांपैकी एकाही वळणात नुसतं वाहत जाणं परवडत नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये चेन्नईचा हाच आनंदकुमार चीनमधल्या बेइदाइहे इथे १००० मीटरमध्ये जगज्जेता झाला. आपल्याच देशातला मुलगा तिथवर पोचतो, हे परभणीच्या मुलांनी मनात पक्कं धरावं.

आता वळणात नेमकं काय होतं ते बघू. आठ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगानं जायचं असेल, तर शरीर आतल्या बाजूला साधारण २१ अंश झुकवावं लागतं. तोच वेग ३० किलोमीटर झाला की झुकाव ४१ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे वेग दीडपट होतो आणि झुकाव जवळजवळ दुप्पट. मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. ते ओळखीच्या झुकावानं, वाढलेल्या वेगानं वळणात शिरतं आणि बाहेर जातं. मग आपण म्हणतो, चाकं घसरली. सायकल वळवताना आपण जसे सायकलीसकट आत कलतो, तसंच इथे घोट्यापासून डोक्यापर्यंत सगळं शरीर आत कलायला हवं. फक्त खांदा खाली घातला तर ते कलणं नव्हे. उलट डावा खांदा पडला की कंबर बाहेर निघते आणि पायाखालची पकड सुटते. कंबर आत, खांदे जमिनीशी समांतर, नजर वळण संपतं तिथे.

शर्यती घड्याळाच्या उलट दिशेनं होतात, म्हणून वळण डावीकडे. क्रॉसओव्हर म्हणजे उजवा पाय डाव्यावरून पलीकडे टाकणं, असं बहुतेकांना वाटतं, कारण तेवढंच डोळ्यांना दिसतं. शिकवणारेही पुष्कळदा ‘टाक, पाय टाक’ एवढंच ओरडतात. खरं काम खाली, डाव्या पायात चालू असतं. उजवा पाय हवेत असताना डावा पाय चाकांच्या बाहेरच्या कडेवर, म्हणजे करंगळीच्या बाजूला कललेला असतो, आणि तो शरीराच्या खालून उजवीकडे जोर लावत सरळ होतो. वळणातला निम्मा वेग त्या पायानं द्यायचा असतो. तो जोर नसेल, तर पाय ओलांडणं ही नुसती चाल होते. दिसायला छान, वेग मात्र शून्य. तुमच्या मुलाला हे जमतंय का ते ओळखायचं असेल तर उजव्या पायाकडे बघूच नका. तो पलीकडे टेकतो त्या क्षणी डावा गुडघा सरळ झालेला दिसतो का, एवढंच बघा. वाकलेलाच उचलला जात असेल, तर जोर लागलेला नाही.

हे जमवायला घाई करू नका. आधी स्केट्स न घालता, बुटांवर, गुडघे खोल वाकवून डावीकडे पाय ओलांडत चाला. मग एखाद्या जाड ओढणीचा नाहीतर पट्ट्याचा वेढा मुलाच्या कमरेला घाला. मोठ्या माणसानं उजव्या बाजूला उभं राहून तो ताणून धरावा आणि मुलानं डावीकडे झुकून सावकाश पावलं टाकावीत. पडण्याची भीती गेली की झुकणं आपोआप येतं. मोठे खेळाडूही असाच दोर धरून सराव करतात. त्यानंतर स्केट्सवर, खडूनं आखलेल्या गोलात, उजव्या पायानं ढकलत राहायचं आणि डाव्या पायावर बाहेरच्या कडेनं तोल धरायचा. हा तोल शांतपणे टिकू लागला की मगच ओलांडायचं. उजवा पाय जमिनीलगतच न्यायचा, उंच उचलायचा नाही. आणि जोर बाजूला लावायचा, मागे नाही. मागे ढकललं की चवडा टोचतो आणि पाय अडखळतो. उजवीकडची वळणंही थोडी करून घ्या. रस्त्यावरच्या शर्यतीत ती लागतात, आणि एकाच बाजूला वळून कमरेचा समतोल बिघडतो तोही सावरतो.

पालकांना बुटांबद्दल सांगायलाच हवं. पोराचे पाय वाढतील म्हणून दोन नंबर मोठे बूट घेण्याची आपली सवय स्केट्सच्या बाबतीत घातक आहे. सैल बुटात घोटा आत पडतो आणि घोटा आत पडला की बाहेरच्या कडेवर उभं राहणं अशक्य. मग मूल कितीही मेहनती असो, डावा पाय कधीच काम करणार नाही. जुने पण मापाचे बूट घ्या, ते नव्या सैल बुटांपेक्षा कितीतरी चांगले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा. गुडघ्याचे, कोपराचे आणि मनगटाचे पॅड शिकण्याच्या काळात रोज. थांबता येत नसेल तर वळणाचा सराव सुरूच करू नका.

आपल्या काळ्या मातीच्या मुलखात डांबर टिकत नाही, कडेला मुरूम आणि कच साचते. चाळीस अंश झुकलेल्या चाकाखाली चिमूटभर कच आली तरी पाय निसटतो. म्हणून सरावाआधी जागा झाडलीच पाहिजे, आणि ती मुलांनी स्वतः झाडावी. ओल्या सिमेंटवर वळण नको. उन्हाळ्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत आवरतं घ्यावं. आपला हिवाळा चांगला गार असतो, पण आधी अंग तापवल्याशिवाय खोल गुडघे वाकवू नयेत. बसमत रस्त्यावर किंवा जिंतूर रस्त्यावर, ट्रक-टमटमच्या मध्ये मुलांना कुणीही उतरवू नये. हे सांगावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण जागा नाही म्हणून मुलं रस्त्यावर येतात.

जागा मिळू शकते. वळणांना उतार दिलेला खास ट्रॅक नसला तरी चालेल, सुरुवातीला गुळगुळीत सिमेंटचं बास्केटबॉलच्या कोर्टाएवढं अंगण पुरतं. ज्या शाळांकडे, मंगल कार्यालयांकडे, सोसायट्यांकडे असं अंगण आहे, त्यांनी रविवारी सकाळी सहा ते आठ ते मुलांसाठी उघडं ठेवावं. त्यासाठी खर्च फाटकाच्या किल्लीचा आणि एका खराट्याचा. परवानगी मागायला आईवडिलांनी या आठवड्यातच मुख्याध्यापकांकडे जावं, आणि जाताना मुलालाही सोबत न्यावं.