परक्या मुलुखातले पहिले चार दिवस



व्हिएतनामला मी एकटी जाते म्हटल्यावर घरात तीन शंका निघाल्या. तिथे ओळखीचे कोणी नाही, भाषा येत नाही, आणि खाशील काय? तिन्ही शंका रास्त होत्या. त्यांचे पहिल्या चार दिवसांत काय झाले, तेवढे आज सांगते.

राजधानी हनोई. जुन्या शहरात गल्लीगल्लीला एकेका धंद्याचे नाव. चांदीची गल्ली निराळी, रेशमाची निराळी. रस्त्यावर मोटारसायकलींचा नुसता लोंढा. एकीवर नवरा-बायको नि दोन मुले, दुसरीवर कोंबड्यांचे पिंजरे, तिसरीवर फुललेले पीचचे झाड. हा लोंढा थांबेल म्हणून वाट पाहाल तर संध्याकाळ व्हायची. पहिल्या दिवशी एका म्हातारीने माझे मनगट धरले आणि संथ पावलांनी सरळ पलीकडे नेले. धावायचे नाही, मध्येच थबकायचे नाही, मागे फिरायचे नाही. आपली चाल एकसारखी असली की गाडीवाला आपला अंदाज घेऊन बाजूने जातो. दुसऱ्या दिवसापासून मी एकटी रस्ता ओलांडू लागले.

पैशाचा हिशेब मात्र डोके फिरवणारा. एका रुपयाला साधारण ३०० डोंग पडतात. २० हजारांची नोट निळसर आणि ५ लाखांचीही निळसर! एक सुमारे ७० रुपयांची, दुसरी सतराशेची. मी मोठ्या नोटा आतल्या पिशवीत ठेवल्या आणि बाजारखर्चाच्या हाताशी. हा नियम आपल्या आठवडे बाजारालाही चांगला.

खाण्याचे म्हणाल तर तांदळाच्या शेवया सगळीकडे, पण त्यावर हाडे उकळून काढलेला रस्सा. भाजीतही माशाच्या अर्काचे चार थेंब पडतातच. मी मांसमच्छी खात नाही. हॉटेलातल्या मुलीने दोन शब्द शिकवले, ‘आन चाय’. आपल्याला वाटेल चहा मागितला; पण त्याचा अर्थ ‘मी शाकाहारी जेवते’. तिथले पुष्कळ बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांस वर्ज्य करतात, म्हणून हे शब्द सगळ्यांना समजतात. भात, टोफू आणि पालेभाजी पोटभर मिळाली.

भाषा सुरांची आहे. एकच ‘मा’, एका सुरात म्हटला तर भूत, दुसऱ्या सुरात घोडा, तिसऱ्या सुरात भाताचे रोप! पण एका बाबतीत ही भाषा आपल्या घरची वाटली. तिथे नुसते ‘मी’ आणि ‘तू’ सहसा चालत नाही. समोरचा माणूस ताई, दादा, काका, आजी असा कोणीतरी असतो. म्हणून भेटताक्षणी वय विचारतात. त्यात आगाऊपणा नाही, नाते ठरवायचे असते. खांद्यावर कावड घेऊन पेरू विकणाऱ्या बाईने मला मोबाइलवरच्या दुभाष्यामार्फत वय विचारले. छप्पन म्हटल्यावर मी तिची ‘ची’, म्हणजे ताई झाले, आणि ती स्वतःला धाकटी बहीण म्हणू लागली.

ही बाई तांबड्या नदीच्या खोऱ्यातली शेतकरीण. जमीन पाच ‘साओ’. उत्तरेकडचा एक साओ ३६० चौरस मीटरचा, म्हणजे सगळे मिळून आपले जेमतेम अठरा गुंठे! तेही चार ठिकाणी. पूर्वी तिथे सामुदायिक शेती होती. १९८८ साली सरकारने जमीन कुटुंबांना कसायला द्यायचे ठरवले. वाटणी करताना चांगली, मध्यम, हलकी अशी प्रत्येक प्रत प्रत्येकाच्या वाट्याला यावी असे पाहिले गेले, म्हणून तुकडे झाले. पण घरच्या माणसाच्या हाती जमीन आल्यावर पीक वाढले. जो देश तांदूळ बाहेरून आणत होता, तो १९८९ पासून मोठा निर्यातदार बनला.

चौथ्या दिवशी बसने शहराबाहेर गेले. फेब्रुवारी महिना, झिमझिम पाऊस, अंगात स्वेटर, आणि बायका गार चिखलात वाकून लावणी करताहेत! आपल्याकडे लावणी आषाढात. इथे वर्षात दोनदा. शेताच्या मध्येच पूर्वजांची थडगी, त्यांच्या कडेकडेने रोपे लावलेली.

अठरा गुंठ्यांत भाकरी सुटते, पण पोरांची फी सुटत नाही. म्हणून धाकटी बहीण शहरात खोलीत पाचजणींबरोबर राहते आणि लावणी-कापणीला गावी जाते. मी चार दिवसांची पाहुणी. ती आपल्याच देशात वर्षानुवर्षे परकी. तरी निघताना तिनेच मला विचारले, “जेवलीस का?” तिथे रामराम करावा तसा हा प्रश्न विचारतात.

आपल्या गावातही दूरच्या राज्यांतून मजूर येतात. त्यांची बोली आपल्याला कळत नाही, आपली त्यांना कळत नाही. कोणी एकटा पारावर बसलेला दिसला, तर त्याचे वय विचारा, गाव विचारा, जेवला का विचारा. एवढ्याने त्याची पहिली रात्र सोपी जाईल.