दुप्पट खाशीचे खापर

बिंज ईटिंग डिसऑर्डर या विकारात माणूस थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, चारचौघांच्या मानाने कितीतरी जास्त खातो आणि खाताना हात आवरत नाही हे त्याला कळत असते. भूक नसताना खाणे, भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेपोटी एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःचीच किळस येणे, या पाचांपैकी निदान तीन खुणा असाव्या लागतात. असे झटके आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने येत राहिले आणि त्यांचा मनस्ताप होत असला, तर निदान केले जाते. बुलिमियाचा रोगी खाल्लेले ओकून किंवा जुलाबाचे औषध घेऊन घालवू पाहतो. इथे तशी नेहमीची धडपड नसते. अमेरिकी मनोचिकित्सक अल्बर्ट स्टंकार्ड यांनी अशा खाण्याचे वर्णन १९५९ मध्येच केले होते. तिथल्या मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र विकार म्हणून जागा मिळायला मात्र २०१३ साल उजाडले.

मराठी घरात याला नावे आधीपासून तयार आहेत: खादाड, अधाशी, हावरट, बकासुर. पहिला आक्षेप या शब्दांतच दडलेला आहे. रोग कसला, जिभेचे चोचले! नाशिकमध्ये याचे उत्तर रविवारच्या मिसळीवरच मिळते. गंगापूर रोडला चार मित्र रस्सा पुन्हा पुन्हा मागवतात, पावांची गणती ठेवत नाहीत आणि तुडुंब पोटाने हसत घरी जातात. त्यात विकार काही नाही. विकार दिसतो तो घर झोपल्यावर, स्वयंपाकघरात. चिवड्याचा डबा उभ्या उभ्या संपतो, मग उरलेला गार भात, मग मुलांची बिस्किटे. चव कधीच कळेनाशी झालेली असते. सकाळी कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून नवे पाकीट आणून डबा गुपचूप भरला जातो. याला चोचले म्हणणाऱ्याने चोचले पाहिलेले नाहीत.

थोडा जाणता आक्षेपक आयुर्वेदातला भस्मक रोग पुढे करतो. पण भस्मकात अग्नी भडकतो, खाल्लेले भस्म होते आणि भूक पुन्हा उभी राहते. इथे भुकेचा पत्ताच नसतो. तेव्हा ती जोडणी जुळत नाही.

हे पाश्चात्त्यांचे दुखणे, असेही म्हटले जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत आयुष्यात कधीतरी हा विकार झालेल्या स्त्रिया ३.५ टक्के आणि पुरुष २ टक्के आढळले. आकडे तिकडचे, हे मान्य. पण इकडे रोगी दवाखान्यात जातो तो साखर, आम्लपित्त किंवा गुडघेदुखी घेऊन. त्याचे वजन होते, रक्त तपासले जाते. रात्री काय होते हे कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. न विचारलेला रोग नसलेला ठरवणे ही सोय झाली. शिवाय रोगी लठ्ठच असतो असेही नाही. बेताच्या वजनाची माणसेही त्यात सापडतात.

सर्वांत घातक आक्षेप उपाय बनून येतो: एवढे खातोस ना, मग उपास कर, डाएट धर, एक वेळ जेव. हा सल्ला प्रेमाने दिला जातो, म्हणून तो खोडणे अवघड. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, बोलण्यात आणि स्वप्नांत अन्नच येऊ लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर त्यांच्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खात राहिले आणि तरी तृप्त होईनात. ही माणसे अधाशी नव्हती, त्यांना उपाशी ठेवले गेले होते. सगळ्याच रोग्यांचा विकार डाएटपासून सुरू होतो असे मात्र नाही. अनेकांत आधी झटके येतात, डाएट मागाहून येते. पण एकदा चाक फिरू लागले की दिवसाचा कडक निग्रह रात्रीच्या झटक्याला वंगण घालतो, झटक्याची शरम दुसऱ्या दिवशीचा निग्रह आणखी कडक करते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीने हे चाक अचूक हेरले. फक्त खापर माणसाच्या माथी फोडले.

याचा अर्थ व्रते वाईट असा नाही. श्रावणी सोमवारी उपाशीपोटी ब्रह्मगिरीची फेरी करणारे, नवरात्रात सप्तशृंगीसाठी नऊ दिवस उपास धरणारे बहुतेक लोक धडधाकट असतात. पण व्रतांच्या नियमांनी बाल आणि वृद्धांबरोबर आतुराला, म्हणजे आजाऱ्याला, सूट दिलेली आहे. या विकाराचा रोगी आतुर आहे. उपचार चालू असेपर्यंत ती सूट त्याची आहे आणि ती घेतल्याबद्दल सासूने किंवा शेजारणीने नाक मुरडू नये.

उपचाराचा पाया ऐकायला विचित्र वाटतो: खाणे बंद करण्याऐवजी वेळेवर खाणे. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या संज्ञानात्मक वर्तनोपचारात तीन जेवणे आणि मधले दोन-तीन अल्पोपाहार ठरलेल्या वेळी घेतले जातात; तीन-चार तासांहून मोठी फट पडू देत नाहीत. काय, कधी, कुठे खाल्ले आणि त्या वेळी मनात काय होते, याची वही ठेवली जाते. वहीतून दिसू लागते की झटका भुकेचा होता, भांडणाचा होता की एकटेपणाचा. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१७ ची मार्गदर्शिका आधी मार्गदर्शनासह स्वयंसाहाय्य, मग गटात आणि त्यानंतर एकेकट्याने वर्तनोपचार, असा क्रम सांगते. या उपचाराने साधारण निम्म्या रोग्यांचे झटके थांबतात. वजन मात्र फारसे उतरत नाही, हे रोग्याला पहिल्याच भेटीत सांगावे. नाहीतर काट्यावरचा आकडा पाहून तो पुन्हा उपाशी राहू लागतो. औषधांत लिस्डेक्सअँफेटामिनला अमेरिकेत २०१५ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली, पण ते उत्तेजक आहे. हृदयाचा त्रास किंवा व्यसनाचा इतिहास असेल तर धोक्याचे. सध्या गाजणारी वजनाची इंजेक्शने वजनासाठी आहेत, तज्ज्ञाला न विचारता ती या विकारावर टोचून घेणे चूक.

खर्चाची सबब उरते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराला विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर द्यावा लागतो. नाशिकचे जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रोडवर आहे; तिथे मनोविकारतज्ज्ञाकडे जावे आणि वजनाआधी रात्रीचे सांगावे. तेवढे धैर्य आज नसेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.