पेमेंटची तक्रार आणि आपले कागद

भोसरी असो, चिखली असो की चाकण, दोन लहान वर्कशॉपवाले चहाला बसले की विषय ठरलेला असतो : "पार्टी पेमेंट देत नाही." तक्रार खोटी नाही. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या रांगेत आपण शेवटी उभे आहोत. वरच्याने पैसे अडवले की आपल्या लेथवरच्या कारागिराचा पगार थांबतो. पण नुसत्या तक्रारीने आजवर कोणाचे बिल निघाले आहे?

2006 चा एमएसएमईडी कायदा आपल्यासाठीच आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत. न मिळाल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना व जॉबवर्कसारखी सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही. कायदा उशिराबद्दल व्याजही देतो. ते नको असेल तर घेऊ नका, पण मुद्दल हा आपला हक्क आहे.

हक्क मागायला मात्र कागद लागतात. उद्यम नोंदणी 2020 पासून ऑनलाइन आणि मोफत आहे, तरी ती अनेकांनी केलेली नाही. आपण काम फोनवर घेतो, दर तोंडी ठरवतो, माल टेम्पोत टाकतो आणि चलनावर सही घ्यायची राहून जाते. आमचेही असेच झाले. एका पार्टीने हिशेब नाकारला, तेव्हा आमच्याजवळ सहीची तीनच चलने निघाली. लबाडी त्यांची होती, पण गाफील आम्ही राहिलो.

"ओळखीचा माणूस आहे, लिहून कसे मागायचे?" असे आपण म्हणतो. कुरआनची सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. मग लिहून मागण्यात लाज कसली?

आणखी एक हिशेब घरातला. आपल्या कारागिराचे, प्लेटिंगवाल्याचे, टेम्पोवाल्याचे पैसे आपण वेळेवर देतो का? वरच्याने थकवले म्हणून आपण खालच्याचे थकवत असू, तर आपल्या तक्रारीत दम राहत नाही. या महिन्यात दोनच गोष्टी करू : प्रत्येक चलनावर सही घेऊ आणि आपल्याकडची देणी चुकती करू. बरकत देणारा अल्लाह आहे. वही मात्र आपल्यालाच लिहायची आहे.