कान तयार आहेत, कपाट कुठे आहे?

भाताची कापणी-मळणी उरकली की इगतपुरी तालुक्यात हरिनाम सप्ताहांचे मांडव उभे राहतात. घोटीच्या आसपास अशा एखाद्या मांडवात भजनाआधी थोडं लवकर जाऊन बसावं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापायची, थाप मारून पाहायची, थोडी काढायची, पुन्हा थाप मारायची, असं करत वादक आवाज जमवत असतो. किती कणकेनं नाद किती खाली उतरतो, हे त्याला कुणी वहीत लिहून दिलेलं नसतं. पहाटे भूपाळी आणि शेवटी भैरवी हे तर मांडवातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही अंगवळणी पडलेलं असतं. रागदारी ऐकणं ही शहरी माणसाची मिरास आहे, ही समजूत इथे टिकत नाही.

अडचण येते ती पुढे. यातल्या एखाद्या तरुणाला वाटलं, की आपण गातो तो भूप राग म्हणजे नेमकं काय ते समजून घ्यावं, तर त्यानं जायचं कुठे? नाशिक जवळ आहे. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात आपला रामनाम आधाराश्रम उभारला तोही नाशिकलाच. वारसा मोठा आहे, पण गिरणीवर किंवा दुकानात दिवसभर राबणारा माणूस एक पुस्तक बदलायला गाडी पकडून नाशिकला जाणार नाही. त्याच्या हाताशी असतो तो फोन.

आणि फोनवर खरोखरच खजिना आहे. आकाशवाणीची ‘रागम’ ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६पासून चोवीस तास चालू आहे. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीच्या संकेतस्थळावर प्रहराप्रमाणे राग ऐकता येतात. मूळ गोव्याचे राजन पर्रीकर यांनी रागांवरचे लेख दुर्मीळ ध्वनिमुद्रणांसह सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. आयआयटी मद्रासच्या लक्ष्मी श्रीराम यांचा हिंदुस्थानी संगीताच्या आस्वादावरचा अख्खा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर फुकट पाहता येतो. पण लेख आणि अभ्यासक्रम, दोन्ही इंग्रजीत. मराठी माणसाला सर्वांत जवळचा दरवाजा म्हणजे ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ. तिथे ओळखीच्या गाण्याखाली कवी, संगीतकार आणि अनेकदा रागाचं नावही दिलेलं असतं. नाट्यपदावरून रागाकडे जाण्याची ही वाट फार सोयीची आहे.

मात्र ऐकायला मिळणं आणि ऐकता येणं यांत अंतर आहे. भूपाचंच घ्या. सा, रे, ग, प, ध असे पाच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. देशकारातही हेच पाच स्वर, एकही कमी-जास्त नाही. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देशकार सकाळचा. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. भूप खालच्या अंगानं शांत फिरतो, तर देशकार वरच्या षड्जाकडे झेपावत राहतो. किशोरी आमोणकरांचा भूप ऐकून लगेच कुणाचाही देशकार लावला की नवख्यालाही काहीतरी बदलल्याचं जाणवतं. काय बदललं, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं. फोन एकापुढे एक गाणी लावत जातो, हा खुलासा तो आपणहून करत नाही.

तो खुलासा मराठीत कधीच होऊन गेला आहे, हेच वाईट वाटण्याजोगं आहे. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चा पहिला भाग १९१० साली प्रसिद्ध केला, तो मराठीत, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. आज हाथरसच्या संगीत कार्यालयाचा हिंदी अनुवाद सहज हाती लागतो आणि मूळ मराठी भागांसाठी मराठी वाचकाला हिंडावं लागतं. वामनराव देशपांडे व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट. त्यांच्या ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय ही दोन टोकं धरून घराण्यांची मांडणी केली आहे. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, तर जयपूर तोल सांभाळणारं. ती मांडणी वाचून त्याच क्रमानं या तीन घराण्यांचे अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ आणि मोगूबाई कुर्डीकर एका संध्याकाळी ओळीनं ऐकावेत. घराणं हा शब्द त्यानंतर नुसता मानाचा राहत नाही, कानाला त्याची खूण पटते.

काही ठिकाणी तर पुस्तकावाचून इलाजच नाही. गायक भास्करबुवा बखल्यांचं गाणं ध्वनिमुद्रित होऊन उरलेलं नाही. ‘स्वयंवर’ नाटकातल्या त्यांच्या चाली बालगंधर्वांच्या आवाजात ऐकता येतात, पण बुवा स्वतः कसे गात, हे समकालीनांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतूनच कळतं. गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ त्यासाठी वाचायलाच हवं.

महाराष्ट्राला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीच मिळाला. गावोगावच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं आणि त्यातून ग्रंथखरेदी होते. खरेदीच्या यादीत कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं असावीतच. पण प्रत्येक तालुक्यातल्या निदान एका वाचनालयात संगीतावरच्या वीसेक मराठी पुस्तकांचा एक कप्पा असणं ही काही चैन नव्हे. पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्याच शेजारी क्यूआर कोडची दुसरी चिठ्ठी लावावी. त्या पुस्तकात आलेल्या गायकांची नेमकी ध्वनिमुद्रणं तिच्यावरून उघडावीत. निवड जाणकारानं एकदा करून दिली की राज्यभर तीच चालेल.

कायद्याची आडकाठीही फारशी नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ मुक्त होतो. भातखंडे १९३६ साली गेले, टेंबे १९५५ साली. दोघांचं मराठी लेखन शासनानं स्वच्छ टंकलिखित करून सर्वांसाठी ठेवायला हवं. नुसती धूसर छायाचित्रं पुरणार नाहीत, कारण त्यांत शब्द शोधता येत नाही. ध्वनिमुद्रिकांवरचा हक्कही प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा. म्हणजे अब्दुल करीम खाँच्या हयातीत निघालेल्या तबकड्या वाचनालयात मोकळेपणानं वाजवता येतील.

घोटीसारख्या गावात हा कप्पा लागला, तर पहिल्यांदा भातखंडे काढून देऊ नयेत. नवख्याला ते जड जातात. बी. आर. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ द्यावं. देवधर विष्णू दिगंबरांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरू. त्यांनी लिहिलेले गवई माणसं म्हणून भेटतात, आणि त्यातला एकेक लेख भजनाआधीच्या अर्ध्या तासात वाचून होतो.