पाच रुपयांचे पाकीट आणि घरातला कायदा

आमच्या घरात मुलांच्या खाऊचा एक नियम आहे. अस्रच्या नमाजनंतर एकदाच खायचे आणि पाकीटबंद काही आणायचे नाही. नियम मी केला, आणि तो मोडणारा पहिला माणूसही मीच होतो.

झाले असे, की एका संध्याकाळी नऊ वर्षांच्या मुलाच्या दप्तरात वेफर्सची चार रिकामी पाकिटे सापडली. विचारले तर म्हणाला, "माझी नाहीत, दोस्ताची आहेत." पाच रुपयांच्या पाकिटासाठी पोरगा खोटे बोलला, याचे मला जास्त वाईट वाटले. मी आवाज चढवला, तेव्हा अम्मी म्हणाली, "तू रोज विजापूर वेशीवर भजी खाऊन येतोस. कपड्यांना वास येतो. पोरांना नाक नसतं काय?"

मी गप्प बसलो.

पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण मुलांना पाठ करायला लावतो. दावतीत मात्र श्वासाचा हिस्सा बिर्याणीला देऊन टाकतो. मुले पाठांतर विसरतात, ताट विसरत नाहीत.

कायदा बाहेरही आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्येच केला. पण शाळेबाहेरच्या गाडीवर मुलाच्या हातात जी नोट असते, ती घरातूनच गेलेली असते. पन्नास मीटर मोजण्याआधी आपला खिसा तपासायला हवा.

इथे एक गोष्ट कबूल करतो. आमच्या गल्लीत एक खाला विड्या वळतात. मजुरी हजारावर मिळते. नातू रडायला लागला, की त्या पाच रुपये काढून देतात. मी एकदा त्यांना उपदेश केला. त्या म्हणाल्या, "बेटा, ते पाकीट फोडून पोरगा अर्धा तास गप्प बसतो. तेवढ्यात माझ्या विड्या होतात." माझ्याकडे उत्तर नव्हते. नियम करणे सोपे असते ते ज्याच्या घरात दुपारी चूल पेटवायला कोणीतरी मोकळे असते त्याला. ते "कोणीतरी" बहुतेक वेळा आपली बायको असते, हेही आपण विसरतो.

म्हणून मी नियम बदलला. नुसते "खाऊ नको" म्हणणे बंद केले. आता घरात एक डबा असतो. तो भरायची जबाबदारी माझी, बायकोची नाही. फुटाणे, चुरमुरे, खजूर, शेंगदाणे आणि गूळ. सोलापूरकरांना हे वेगळे सांगायची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ज्या गावाने दूरवर पोचवली, त्या गावातल्या पोरांनी मधल्या वेळेला हवा भरलेली पाकिटे फोडावीत, हे काही बरे नाही. भाकरीवर चटणी आणि थोडे तेल, एवढ्यात पोर संध्याकाळपर्यंत तग धरते. डबा खालांच्या नातवालाही उघडा आहे. तो येतो, खातो, आमच्या पोरांशी भांडतो आणि जातो. खालांच्या विड्याही होतात.

पाकीट पूर्ण बंद केलेले नाही. जुम्म्याच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक फोडायचे, मीही त्यातच. आणि भजी आता घरी आणून, वाटून खायची.

मुलगा अजून कधी कधी चोरून खातो. पण परवा त्याने स्वतःहून येऊन सांगितले. मला तेवढे पुरे आहे. पोटाचे वळण लागायला वर्षे लागतील. खरे बोलायची भीती मात्र घरात राहता कामा नये. तुमच्या घरातला नियम कोणता, हे मी विचारत नाही. तो तुम्हालाही लागू आहे का, एवढेच विचारतो.